चौकटीवरच्या बांगड्या

"दादाजींना विचार, दुपारी जेवायला किती जण?" हीराबाईंनी पदराआडून लेकीला म्हटलं.

दादाजी म्हणजे हीराबाईंचे सासरे, दलिचंदशेठ. ते समोरच बैठकीत गादीवर बसले होते. प्रश्न त्यांना नीट ऐकू आला होता. तरी ते नातीकडे पाहून म्हणाले, "आईला सांग, दहा-बारा."

आईलाही ऐकू आलं होतं. कुसुमलता मधल्या दारात उभी होती. तिला शाळेत शिकवायला जायला उशीर होत होता.

"तुम्ही दोघं मिळून मला पोस्टमनचा पगार द्या," ती म्हणाली. "मी सासरी गेल्यावर काय कराल?"

"तोवर एखादी नातसून येईल."

"ती तर तुमच्याशी बोलायचीच नाही!"

दलिचंद खो खो हसले. पदर हलला. आईही हसली असावी.

सून सासऱ्याशी बोलत नाही, त्याला तोंड दाखवत नाही, ही घराची रीत होती. मध्ये निरोप्या नसला की सुनेने दाराच्या चौकटीवर बांगड्या वाजवायच्या. बाहेरच्याने काय ते ओळखायचं.

सदुसष्ट सालची निवडणूक होती. दलिचंद चोपडा मतदारसंघातून उभे होते. गावोगावी मुलींची शाळा, कापसाच्या जिनिंगमध्ये बाईला गड्याइतकी मजुरी आणि घरीदारी बाईला बरोबरीचा मान, एवढ्यावर ते मतं मागत होते. भाषणं कुसुमलता लिहून देई. लिहिताना तिला त्यात काही खोटं वाटत नसे. सगळी गल्ली नको म्हणत असताना तिला जळगावला कॉलेजात घातलं ते दादाजींनीच. त्यांच्यापुढे आजवर तिच्या तोंडून उलटा शब्द निघाला नव्हता.

संध्याकाळी ती परतली तेव्हा बैठक रिकामी होती. दादाजी, वडील, कार्यकर्ते, सगळे जीपने अडावदच्या सभेला गेले होते. आई आत माजघरात पोट धरून आडवी झाली होती. ओठ पांढरे पडले होते. चूल सारवलेली होती. चहाचं पातेलं फळीवर पालथं होतं. मधल्या दाराच्या चौकटीखाली बांगड्यांच्या काचा पडल्या होत्या. चालताना तोल गेला असेल, असं कुसुमलताला वाटलं.

शेजारच्या रुपचंदांनी मोटार काढली. जळगावच्या वाटेवर आई एकदाच बोलली.

"दादाजींना सांग, आज रात्रीची भाजी राहिली."

दवाखान्याच्या दारातच ती गेली. डॉक्टर म्हणाले, "आतडं फुटलंय. दुपारीच आणायला हवं होतं."

दुखवट्याचे दिवस सरले आणि प्रचाराची शेवटची सभा बाजारपेठेत ठरली. मंचावर हार घातलेला हीराबाईंचा फोटो होता. घरात तेवढा एकच सापडला. त्यातही पदर हनुवटीपर्यंत ओढलेला होता. दादाजींनंतर कुसुमलताने उठून आश्वासनं वाचायची, असं ठरलं होतं. तिच्या हातात घडी केलेला कागद होता.

दलिचंद उभे राहिले. ते खरोखर खचले होते.

"लोक मला विचारतात, शेठ, बाईचा मान राखायला कुठे शिकलात? मी सांगतो, माझ्या सुनेकडून. कधी तक्रार नाही, कधी चढा आवाज नाही. त्या दुपारी आम्ही अडावदला निघालो, तर आतून बांगड्या वाजू लागल्या. मी म्हटलं, चहा राहू दे बेटा, माणसं खोळंबलीत. तरी वाजवतेच आहे. आम्ही पायऱ्या उतरलो, तरी वाजवतेच आहे. जीप सुरू झाली तरी ऐकू येत होतं. चहा पाजल्याशिवाय ती आम्हाला सोडायलाच तयार नव्हती..."

उपरणं डोळ्यांना लावून ते खाली बसले. समोर बसलेल्या जिनिंगच्या बायका रडत होत्या. त्यांच्यातली धनीबाई मोठ्याने म्हणाली, "लक्ष्मी व्हती माय, लक्ष्मी!"

कुसुमलता जागची हलली नाही. त्या संध्याकाळी आई माजघरात आडवी होती. काचा मात्र चौकटीखाली होत्या.

"ऊठ बेटी," दलिचंद हळूच म्हणाले. "वाच."

ती उठली. माइकपाशी आली. तिने कागद उघडला नाही. लोकांकडे पाठ करून ती आजोबांकडे वळली. माइक तिने हातात धरला होता.

"दादाजी, चहाचं पातेलं पालथं होतं."

दलिचंदांनी मान वर केली. त्यांना आधी कळलं नाही. मग हातातलं उपरणं गळून पडलं.

"आज मी निरोप सांगत नाही," ती म्हणाली. "माझं मी विचारतेय. माझ्या जन्माआधीपासून आई तुमच्या घरात होती. एवढ्या वर्षांत ती तुमच्याशी काय बोलली, तेवढं या बायकांना सांगा."