उपाशीपोटी

शेवंताला सहावा महिना लागला होता आणि उपाशीपोटी काढलेल्या तिच्या रक्तात दोनदा साखर जास्त निघाली होती. तिसऱ्यांदाही तसंच आलं, तर बाळंत होईपर्यंत रोज इंजेक्शन घ्यावं लागेल, असं डॉक्टरबाईंनी बजावलं. पहिल्या रिपोर्टपासूनच तिच्या सासूच्या, सारजाबाईच्या डोक्याला नुसता ताप झाला होता. तिनं साखरेचा डबा कपाटात कुलूपबंद केला, घरातल्या सगळ्यांना बिनसाखरेचा चहा पाजला, तरी रिपोर्ट काही सुधारेना.

"आत्याबाई, दोन्ही खेपेला रात्री आठपासून पाण्याशिवाय कशाला तोंड लावलं नाय बघा," शेवंता रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मला काय ठावं नाय व्हय? त्या लॅबवाल्याचं मशीनच बिघडलंय. बजाजनगरातून उपाशी पोरगी क्रांती चौकात न्यायची, सुई टोचून घ्यायची, अन् त्यानं पुन्हा तोच आकडा हातात द्यायचा! आता तसंच आलं तर त्याला लई बोलणार हाय मी."

तिसऱ्या तपासणीच्या दिवशी सकाळी सातलाच रिक्षा दारात आली. शेवंतानं चपला घातल्या.



"थांब गं, चांगल्या कामाला अशी कोरडी जाऊ नको," म्हणत सारजाबाईनं कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं आणि मागच्या दोन्ही खेपांसारखीच सुनेच्या तळहातावर दही-साखर ठेवली. आज काम अवघड म्हणून एक चमचा जास्तच.