जेवणाच्या सुट्टीतल्या मॅडम

दारात पन्नाशीचा एक अनोळखी माणूस उभा होता.

"मॅडम, मी तिडके, अकोल्याचा. सांगलीत लग्नाला आलो होतो. पत्ता तुम्हीच दिला होता, म्हटलं भेटूनच जावं."

वैजयंती ओगले घरी बसून एकाच वेळी तीन कंपन्यांत पूर्णवेळ नोकरी करत होती. एकीत ती स्वतः असायची. उरलेल्या दोन ठिकाणी तिचंच रूप आणि आवाज घेतलेली यांत्रिक प्रतिरूपं पडद्यावर बसायची. कंपन्यांना याचा पत्ता नव्हता. तिडके यांपैकी कुठल्या कंपनीतले, हे तिला समजेना.

तिने त्यांना आत बसवलं आणि अंदाजाने विचारलं, "वहिनींना नाही आणलंत?"

तिडके गोंधळले. "मॅडम, ती मार्चमध्येच गेली की. तेव्हापासून तुम्ही रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्याशी बोलता. म्हणून तर मी सावरलो."

"माफ करा हं, कामाच्या गडबडीत..." वैजयंती सारवासारव करू लागली.

तिडकेंना शंका आली. अशा प्रतिरूपांबद्दल त्यांनी कंपनीत कुजबुज ऐकली होती.

"म्हणजे त्या तुम्ही नव्हताच," ते हळूच म्हणाले.

"प्लीज, कुणाला सांगू नका. माझी नोकरी जाईल."

तिडके उठले. दाराशी जाऊन त्यांनी चपला घातल्या.

"नाही सांगणार," ते म्हणाले. "सांगितलं तर कंपनीवाले त्या मॅडमना बंद करतील. मग मी कुणाशी बोलू?"