सहदेव मास्तरांची चाल

बार्शीटाकळीच्या बाजारात वांगी विकणाऱ्या पार्बताबाईनं आरोळी दिली आणि सहदेव मास्तर जागच्या जागी थबकले. आवाज वर चढला, तिथं स्थिरावला आणि सुरातच खाली उतरला. तीन महिने हाच आवाज ते शोधत होते. अमरावतीची चर्चं पालथी घातली, अचलपूरची घातली. गाणारे रग्गड, पण मास्तरांची चाल उचलणारा एक मिळेल तर शपथ.

दोन दिवसांनी दवाखान्यात त्यांचा घसा कापणार होते. जीव वाचेल, आवाज नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. येशूची भजनं पुस्तकात होती, पण चाल काही पुस्तकात छापता येत नाही. ती मास्तरांच्या बापानं बांधलेली, आणि आता उरली होती ती एकट्या मास्तरांच्या घशात. चर्चच्या मंडळीतल्या तरण्यांना पेटीवरच्या साहेबी चाली गोड लागत. म्हाताऱ्यामागं कोण कशाला घसा फोडतो?

मास्तर वांग्यांच्या ढिगापुढं मटकन बसले.

"बाई, माह्या मांगं एक ओळ म्हन. पाया पडतो तुह्या."

"वांगे नाई घ्याचे का, बाबा?"

"घेतो. आंधी म्हन."

त्यांनी घोगऱ्या आवाजात ओळ गायली. म्हाताऱ्याचे डोळे बघून पार्बताबाईचं हसू ओठातच राहिलं. ती गायली. ज्या वळणावर भलेभले घसरले, ते वळण तिनं पहिल्या झटक्यात घेतलं. मास्तरांना रडूच फुटलं.

दुसऱ्या ओळीत येशूचं नाव आलं आणि ती थांबली.

"हे नाव मी नाई घेनार. माह्या घरी अंबामाय हाय."

"नाव घेतल्यानं काय बिघडते, बाई?"

"मंग तुमी घेसान का अंबामायचं?"

मास्तरांनी मान खाली घातली. जन्मभर त्यांच्या सुरात दुसरं नाव आलं नव्हतं. पार्बताबाईलाच त्यांची कीव आली.

"अंबामायचं नाव घालून म्हनू का? नाई तं जाऊ द्या."

जाऊ द्यायला मास्तरांकडं दिवस कुठं होते?

"म्हन," ते म्हणाले.

तिनं म्हटलं. पण अंबेच्या नावावर न थांबता ती तशीच पुढं पळाली आणि चाल तिथंच तुटली. मास्तरांनी हातानं खुणा केल्या, मांडीवर ठेका धरून दाखवला. तिनं परत म्हटलं, परत तुटली.

"असं समजत नाई, बाबा. तुमी म्हनून दाखवा."

मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. मग प्रार्थनेला काढतात तशी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, डोळे मिटले, आणि त्या फाटक्या घशानं अंबामायचं नाव आळवायला घेतलं.