तोक कुठे लावायचा

शनिवारी सकाळी रोझिमत अका गल्लीत टेप ओढत मागे मागे चालले होते. त्यांची मुलगी मुअत्तर टेपची दुसरी बाजू दवाखान्याच्या भिंतीला दाबून उभी होती. ताश्कंदहून ती दोनच दिवसांसाठी आली होती आणि तिला झोप हवी होती.

"किती?"

"अकरा मीटर, बाबा. काल पण अकराच होतं."

"मग झालं. सलग दोन दिवस खरं बोलणारी भिंत या मोहल्ल्यात मिळत नाही."

गल्लीत विजेवर चालणाऱ्या एकोणीस टॅक्सी होत्या. खिडक्याखिडक्यांतून वायरी खाली लोंबत होत्या आणि माणसं त्या ओलांडत पाव आणायला जात होती. तिसऱ्या मजल्यावरून गाडी चार्ज करणारा दोनियोर टायरवर लाथ मारत म्हणाला, "अका, गाड्यांचा चार्जर लग्नाच्या हॉलपाशी लावा की. मोठा रस्ता आहे, चार लोकांना दिसेल."

"संध्याकाळी हॉलमध्ये लग्न असलं की तुझ्या घरातला दिवा कसा होतो?"

"पेंगतो."

"मग गाडीला काय पाजशील, सरबत? दवाखाना चारला बंद होतो. त्यानंतर त्याच्या मागची ही डीपी नुसती उभी असते. आणि तुम्ही लोक घरी कधी येता?"

"अंधार पडल्यावर," दोनियोर म्हणाला. मग त्याने इतर ड्रायव्हरांना हाका मारायला सुरुवात केली.

दुपारी अकांनी चायखान्याच्या दारावर कागद चिकटवला. 'उद्या दहाला या. तोक कुठे लावायचा ते ठरवू.' त्या दिवशी ते जेवतानाही उभेच होते.

रविवारी सकाळी, चहा ओतायच्या आधीच, ते गेले.

कागद कुणी काढला नाही. अकांच्या मृत्यूनंतरचं विसाव्या दिवसाचं जेवण झाल्यावर मोहल्ल्याच्या अध्यक्षांनी 'उद्या' तेवढं खोडून नवी तारीख लिहिली.

त्या दिवशी चायखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एकोणीसच्या एकोणीस ड्रायव्हर आले होते. पण म्हातारी मंडळीही आली होती, ओल्या फडक्यांत द्राक्षाच्या काड्या गुंडाळून. आमच्याकडे विजेलाही तोक म्हणतात आणि द्राक्षवेलीलाही तोकच.

"ही हुसैनी जातीची आहे," इनोयत खालाने आपली काडी मेजावर ठेवली. "आधी हिला जागा सांगा."

"खाला, विजेचा तोक," दोनियोर म्हणाला. "गाड्यांचा."

"मग तसं लिहायचं होतं ना. मी गुडघे दुखत असताना वेल छाटली."

सगळे हसले. खालाही हसली, आणि काडी परत घ्यायला तिने साफ नकार दिला. गाड्या उन्हात उभ्या राहणार, त्यांच्यावर मांडव लागेलच, तेव्हा दोन्ही तोक एकाच खड्ड्यात गाडा, असं तिचं म्हणणं. कुणीतरी मांडवाची उंची सांगू लागलं. कुणी ती खोडून काढली.

वीज कार्यालयातून आलेली बाई मात्र नकाशावर हॉलपाशी फुली मारूनच आली होती. मुअत्तरने वडिलांची वही तिच्यापुढे ठेवली. वर्षभर, रोज संध्याकाळी टिपलेला, हॉलच्या आणि दवाखान्याच्या डीपीचा लोड. बाईने चार पानं उलटली, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिने नकाशावरची फुली खोडली आणि दवाखान्यामागे नवी मारली.

गलका एवढा झाला की समोवारवर चहा उकळणारा माणूस बाहेर धावत आला. दोनियोरने खालाला खुर्चीसकट उचलायचा प्रयत्न केला आणि डोक्यात चापट खाल्ली.

"एक मिनिट," बाई पेन उघडत म्हणाली. "अर्जावर नाव लागेल. हे काम कुठल्या इंजिनियरचं?"

लोक मुअत्तरकडे बघू लागले. तिला सासरचे बघायला आले होते तेव्हा तिने वडील इंजिनियर आहेत असं सांगितलं होतं, आणि अख्ख्या मोहल्ल्याने ते निभावलं होतं. त्या दिवशी अकांनी टायसुद्धा लावला होता. पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही, तिनेही नाही.

अध्यक्ष तिच्याकडे न बघता खाकरले. "लिहा. इंजिनियर, रोझिमत खोलमातोव."

"नाही," मुअत्तर म्हणाली.

बाईचं पेन थांबलं.

"वायरमन लिहा. चाळीस वर्षं खांबावर चढले." तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचला. "माझे वडील."