पारण्याचे फोटो

तन्वीर फोटोवाला दुकानाची पायरी चढला तो मान खाली घालूनच.

"शेठ, काकींच्या पारण्याचे फोटो गेले. कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरला घेताना लाईट गेली. एक बी उघडंना. पुण्याला दाखवून आलो, ते बी नाय म्हणाले."

सुभाषचंद शेठ गल्ल्यामागून उठले. त्यांच्या पत्नीने, प्यारीबाईंनी, बासष्टाव्या वर्षी तीस दिवस उपवास करून नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढले होते. पारण्याला अख्ख्या मंचरातून मिरवणूक निघाली होती. ते परत कुठून आणायचं?

बोलणं ऐकून त्यांची सून रीना आतून आली.

"बिघडलेल्या फोटोंची सीडी आणलीय ना, भाऊ? आणि ह्याच कॅमेऱ्याचा एक चांगला फोटो लागेल."

"कॅमेऱ्यात आज सकाळचे हायेत."

माडीवर कॉम्प्युटर होता. मासिकासोबत फुकट मिळालेल्या दुसऱ्या एका सीडीतला प्रोग्राम रीनाने उघडला. पडदाभर आकडे आणि इंग्रजी अक्षरांच्या जोड्या आल्या.

"हे काय, वहिनी?"

"हेक्स एडिटर. फाईल आतून कशी आहे ते दाखवतो. हे बघा, वरच्या ओळींत नुसती शून्यं आहेत. खालचं सगळं शाबूत आहे. फोटो कसा वाचायचा हे सांगणारी सुरुवात तेवढी पुसली गेलीय."

तिने सकाळच्या फोटोच्या पहिल्या ओळी उचलल्या आणि शून्यांच्या जागी ठेवल्या. फोटो उघडला तो नुसता करडा.

दारात उभे असलेले सुभाषचंद हळूच म्हणाले, "राहू दे बेटा. तू केलंस तेवढं पुष्कळ झालं."

रीनाने नकारार्थी मान हलवली. बोट पडद्यावर ठेवून ती एकेक जोडी मोजत गेली. एक जोडी कमी पडली होती. ती भरली आणि पुन्हा उघडलं.

फुलांनी सजवलेल्या जीपमध्ये प्यारीबाई हात जोडून बसल्या होत्या.

तन्वीर पडद्याजवळ सरकला. सुभाषचंद जिन्यापाशी गेले आणि खाली दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना म्हणाले, "वर या सगळे. पुण्यात जमलं नाही ते आमच्या सुनेनं केलंय."

दिवेलागणीपर्यंत सगळे त्रेचाळीस फोटो उघडले. प्यारीबाईंनी माडीवर येऊन, खुर्चीत बसून ते ओळीने पाहिले. शेवटचा पाहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यात तू कुठेयस?"

"मी स्वयंपाकघरात होते, मम्मी. जेवायला सातशे पानं होती त्या दिवशी."

प्यारीबाईंच्या अंगात अजून ताकद आली नव्हती. खुर्चीला धरत त्या उठल्या आणि रीनाच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"तन्वीर, आमचा दोघींचा एक काढ."

फोटो मिटल्यावर पडद्यावर पुन्हा ते आकडे दिसत होते. रीना कॉम्प्युटर बंद करायला वळली. प्यारीबाईंनी तिचा हात धरला.

"ते आकडे राहू दे तसेच. फोटोत आले पाहिजेत."