ओस्मेलची राखण

"रेशनवर कोंबडी आलीय!" कोणीतरी प्रयोगशाळेच्या दारातून ओरडलं आणि तसंच पुढं पळालं. स्टुलावर बसलेली नेरेइदा अर्धी उठली आणि परत बसली.

रविवार होता. इस्पितळातली प्रयोगशाळा बंद होती, पण ती सकाळपासून फ्रीझरसमोर ठाण मांडून बसली होती. इथंच नोकरी करता करता तिचे केस पिकले होते, तरी असा पहारा तिनं कधी दिला नव्हता. त्या कपाटाएवढ्या फ्रीझरमध्ये, उणे ऐंशीच्या गारठ्यात, तिच्या नातीची पिशवी होती. सात वर्षांच्या दानाइसीचा रक्ताचा आजार मागच्या वर्षी दबला, तेव्हा पोरीच्याच अंगातल्या रक्त घडवणाऱ्या पेशी काढून गोठवून ठेवल्या होत्या; वितळल्या, तर त्या काही तासांत मरणार होत्या. पिशवीवर नावाची चिठ्ठी नेरेइदानंच चिकटवली होती. आता आजार उलटला होता. कालच जालीम औषध देऊन पोरीच्या हाडांतला मगज पार धुऊन काढला होता. मंगळवारी पिशवी अंगात चढवली, की नवं रक्त धरणार होतं. पिशवी नसेल तर पोर वाचणार नव्हती. एकदा ते औषध दिल्यावर माघार नव्हती.

आणि दोन दिवस अन्नाला न शिवलेल्या त्या पोरीनं सकाळी एकच मागितलं होतं, कोंबडीचं सूप.

"जा तू," दारातला पहारेकरी ओस्मेल म्हणाला. "मी आहे ना इथं."

नेरेइदानं त्याच्याकडं पाहिलं. ओस्मेल तिच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहायचा. दोन वर्षांपूर्वी तिनं एकदा त्याच्यावर घर सोपवलं होतं. करंट गेला की क्यूबातलं शेंबडं पोरही आधी फ्रिजचा प्लग काढतं, कारण वीज परत येते ती दारू पिऊन आलेल्या नवऱ्यासारखी, दार फोडून. ओस्मेल त्या दिवशी डॉमिनो खेळत बसला. फ्रिज जळला, आतलं महिन्याचं मांस नासलं. नेरेइदानं गच्चीतून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा त्याचा उद्धार केला होता. "एक प्लग उपटता येत नाही, आणि म्हणे पहारेकरी!" गल्लीनं त्याचं नावच 'प्लग' ठेवलं. तेव्हापासून तो तिच्यासाठी पाण्याच्या बादल्या चार जिने वर वाहायचा, पण ती कामापुरतंच बोलायची. दुधानं तोंड पोळलं होतं, ती ताकही फुंकून पीत होती.

पण सूप कुठून आणणार?

"कोणाला आत सोडू नकोस," ती म्हणाली. "फ्रीझरला कोणाचा हात लागता कामा नये."

"माशी शिरणार नाही."

"ओस्मेल, त्यात माझी दानाइसी आहे."

"ठाऊक आहे, बाई. मीच खेळवलंय तिला. जीव गेला तरी इथून हलणार नाही."

"शेवटचं कोण?" दुकानापाशी पोचल्यावर तिनं विचारलं. एका म्हाताऱ्यानं हात वर केला, ती त्याच्यामागं उभी राहिली. थोड्याच वेळात करंट गेला. वजनकाटा बंद, रांग जागच्या जागी. लोकांनी सरकारपासून कोंबडीपर्यंत सगळ्यांना शिव्या घातल्या. नेरेइदानं मात्र कान टवकारले. इस्पितळाकडून जनरेटरची घरघर सुरू झाली. प्रयोगशाळेची लाइन त्यावरच होती. तिला हायसं वाटलं.

"हसतेस काय?" म्हातारा म्हणाला. "कोंबडी अजून लांब आहे."

"जनरेटर ऐकतेय. आज गोड वाटतोय."

"तुझंही डोकं उन्हानं गेलं म्हणायचं."

करंट येत राहिला, जात राहिला. दर वेळी जनरेटर धावून आला. दुपार कलली तेव्हा तिच्या पिशवीत दोन तंगड्या पडल्या. परतताना तिच्या मनात आलं, एक तंगडी ओस्मेलला द्यावी. किती दिवस राग धरायचा? चुकतो माणूस.

प्रयोगशाळेतली फरशी ओली होती. ओस्मेल पँट दुमडून पोछा पिळत होता. शेजारच्या बादलीत बर्फाचे तुकडे तरंगत होते.

"हे पाणी कसलं?"

"करंट गेला तसा आधी प्लग उपटला," तो म्हणाला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "जनरेटर आला, पण त्याचं तरी काय खरं? तोही झटके देतच येतो. करंट आला-गेला, आला-गेला, मी काही लावला नाही. मग म्हटलं, बंदच आहे तर आतला बर्फही खरवडून टाकावा. केवढा साठला होता! सगळ्या पिशव्या बाहेर काढल्या, पुसल्या, जागच्या जागी ठेवल्या. कोणाला आत सोडलं नाही हं."

प्लग त्यानं रुमालात गुंडाळून उंच फळीवर ठेवला होता. नेरेइदा घरी ठेवायची तसाच.

तिनं फ्रीझरचं दार उघडलं. दानाइसीच्या नावाची पिशवी समोरच होती, स्वच्छ पुसलेली. तिनं ती उचलली. दगडासारखी कडक असायला हवी ती पिशवी तिच्या बोटांवर दोन्हीकडून लोंबली.

बाहेर जनरेटर चालूच होता. तिनं पिशवी छातीशी धरली. तिचे डोळे वाहायला लागले.

ओस्मेलनं पोछा बाजूला ठेवला आणि हात पँटला पुसले.

"रडतेस काय, वेडे," तो हळूच म्हणाला. "ह्या वेळी जळू दिला नाही ना मी? आता तरी मिटलं म्हण आपलं."