स्टेजवरच्या खुर्च्या

वच्छलाबाई गेल्या, हे आधी कळलं आवडाबाईंना. सकाळी पेजेचा चमचा वहिनीच्या ओठाशी नेला, तर ओठ हलले नाहीत. त्यांनी वाटी खाली ठेवली, हनुवटीवरचा पेजेचा ओघळ पदरानं टिपला आणि ओट्यावर बसलेल्या भावाला, कारभारी आबांना, आत बोलावलं.

थोड्या वेळात चितेगावातल्या बाया जमल्या. सवाष्ण गेली, सोनं झालं, असं जी ती म्हणत होती. हिरवं लुगडं आलं, चुडा आला. आवडाबाई आतून कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. आजारपणात वहिनीची आंघोळ, वेणी, कुंकू, सगळं त्यांच्याच हातचं होतं. शेजारच्या द्वारकाबाईंनी तो करंडा त्यांच्या हातून काढून घेतला आणि जरा लांब व्हायला सांगितलं. आवडाबाई लांब झाल्या. त्यांचा नवरा ऐन जवानीत गेलेला. लांब म्हणजे कुठं, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

आबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी ते पाहिलं.

सुतक फिटल्यावर आबा मारुतीला गेले. पुजाऱ्यानं नेहमीसारखं त्यांच्या कपाळाला गंध लावलं.

मार्चात विद्यापीठात स्त्री-पुरुष समतेवर आठवडाभर कार्यक्रम होते. भाषणं झाली, पथनाट्य झालं, पोरांची भाकरी थापायची स्पर्धासुद्धा झाली. शेवटच्या दिवशी सगळ्या बायांसाठी हळदीकुंकू ठेवलं होतं. आबांची नात संस्कृती तिथंच शिकत होती. तिनं हट्टानं आबा आणि आवडाबाई दोघांना काळीपिवळी जीपमध्ये बसवून शहरात आणलं.

सभागृह भरलं होतं. माईक संस्कृतीच्याच हातात होता, शेजारच्या टेबलावर कुंकवाचा करंडा. स्टेजवर एका बाजूला खुर्च्यांची रांग होती, प्रत्येक खुर्चीला झेंडूचं फूल बांधलेलं.

"आता ज्या विधवा भगिनी आहेत, त्यांनी सन्मानानं स्टेजवर यावं," संस्कृती म्हणाली.

कुणी उठलं नाही. दोघी-तिघींनी मान खाली घातली. संस्कृतीनं पहिल्या रांगेत बसलेल्या आवडाबाईंना हात केला. त्यांनी पदर कपाळावर ओढून घेतला.

"दादा," त्या भावाला हळूच म्हणाल्या, "हितंबी बाजूलाच बसवत्यात."

आबा उठले, टोपी सारखी केली, पायऱ्या चढून वर गेले आणि पहिल्या खुर्चीत बसले.

मागं पोरं हसली. संस्कृती गडबडीनं त्यांच्याजवळ आली. माईक चालूच होता.

"आबा, या खुर्च्या विधवांसाठी आहेत."

"माझी बी बायको गेली."

"तसं नाही हो, आबा."

"मग कसं?"

मागचं हसणं थांबलं. आबांनी कपाळावरच्या गंधाला बोट लावलं.

"तुझी आजी गेली तवा ह्याला कुणी हात लावला नाय. आन् जिनं तिचं सगळं केलं, तिला बाया म्हनल्या, लांब व्हय. मी तिथंच बसलो व्हतो." ते उठले. "ह्या खुर्च्या उचल, बाई. आन् तो करंडा आवडीच्या हातात दे."

संस्कृतीनं टेबलावरचा करंडा उचलला. मग ती खाली आली, करंडा आवडाबाईंच्या हातात ठेवला आणि त्यांच्यापुढं मान वाकवली.

आवडाबाईंनी आजूबाजूला पाहिलं, कुणी काही म्हणतंय का म्हणून. कुणी म्हणालं नाही. त्यांनी बोट पदराला पुसलं आणि नातीला कुंकू लावलं. संस्कृती त्यांना लावायला गेली तर त्यांनी तिचा हात धरला. माझं ऱ्हाऊ दे, मला सवय नाय, म्हणाल्या.

संस्कृतीच्या मागं दुसरी पोरगी उभी राहिली, तिच्यामागं तिसरी. बघता बघता दारापर्यंत रांग लागली. एक उंच पोरगा पण रांगेत घुसला आणि त्यानं गुडघे वाकवून कपाळ पुढं केलं. तुझ्या आईला आणायचं सोडून तूच आला व्हय, म्हणून आवडाबाईंनी त्याला दटावलं आणि कुंकू लावलं.

परत जाताना काळीपिवळी माणसांनी गच्च भरली होती. आवडाबाई खिडकीशी बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून. बोट पेरापर्यंत लाल होतं. गाडी पैठण रोडला लागली तेव्हा आबांचं तिकडं लक्ष गेलं. हात धुऊन घ्यायचा होता, असं ते म्हणाले.

आवडाबाई बोटाकडं बघत राहिल्या.

"वैनीला लावायचं राह्यलं, दादा."

"व्हय," आबा म्हणाले. "ते राह्यलं."